मेनफ्रेमवरील बॅच आणि तिची मुदत : नव्या ऑपरेटरसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बँका, विमा कंपन्या आणि शेअर बाजाराशी संबंधित संस्था यांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, दिवसा ग्राहकांचे व्यवहार ऑनलाइन चालतात आणि रात्री त्याच व्यवहारांची बॅच, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कामांची मालिका, चालते. खात्यांत नोंदी पडतात, व्याज आकारले जाते, खतावणी जुळवली जाते आणि इतर संस्थांना पाठवायच्या फाइली तयार होतात. हे सारे शेकडो, कधी हजारो जॉब (बॅचमधील एकेक काम) एका ठरलेल्या क्रमाने शेड्युलरमार्फत (जॉब सोडणाऱ्या प्रोग्राममार्फत) सुटतात आणि सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत संपावे लागतात. पुण्यातील आणि मुंबईतील अनेक तरुण-तरुणी अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील ग्राहकांच्या अशा बॅचवर देखरेख ठेवण्याचे काम करतात, आणि प्रशिक्षणात त्यांना आदेश व स्क्रीन शिकवले जात असले, तरी मुदतीचा हिशेब बहुतेकांना शिफ्टवर बसल्यावर स्वतःच उमगून घ्यावा लागतो. तो हिशेब येथे क्रमाने मांडला आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. मुदत सकाळी सातची असली, तरी ती पाळली जाणार की चुकणार हे बहुधा रात्री एक-दोनच्या सुमारास ठरून गेलेले असते. चांगल्या ऑपरेटरला ते त्याच वेळी कळते आणि तो ते त्याच वेळी योग्य माणसाला कळवतो. पुढील सर्व पायऱ्या याचसाठी आहेत.

पायरी १ : मुदत कोणाची आहे, ते शोधावे

शेड्युलरच्या पडद्यावर प्रत्येक मुदत सारखीच दिसते. प्रत्यक्षात त्यांचे वजन वेगवेगळे असते. काही मुदती बाहेरच्या संस्थेने घालून दिलेल्या असतात आणि त्यांत कोणाच्याही विनंतीने पाच मिनिटांचीही सूट मिळत नाही. उदाहरणार्थ, अमेरिकेत त्याच दिवशी जमा होणाऱ्या एसीएच व्यवहारांची (बँकांमधील गठ्ठ्याने होणाऱ्या देवघेवींची) फाइल फेडरल रिझर्व्हकडे पोहोचवण्याची दिवसातील शेवटची वेळ पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे १६:४५ आहे. फाइल १६:४६ ला गेली, तर ते पैसे त्या दिवशी जमा होत नाहीत. काही मुदती ऑनलाइन सेवा उघडण्याच्या असतात. त्या चुकल्या, तर शाखेतील काउंटर आणि ग्राहकाचे मोबाइल अ‍ॅप दोन्ही अडतात. आणि काही मुदती केवळ कोण्या व्यवस्थापकाला सकाळी नऊला अहवाल हवा असतो एवढ्याच असतात. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यातच आपल्या ग्राहकाच्या मुदतींची यादी मागून घ्यावी आणि प्रत्येकीपुढे ती चुकल्यास नेमके कोणाचे काय अडते, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. अडचणीच्या रात्री कोणता जॉब पुढे काढायचा आणि कोणता थांबवायचा, हे त्या वाक्यांवरून ठरते.

पूर्वी रात्र बरीच मोकळी मिळत असे. आता तशी मिळत नाही. भारतात एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू झाली आणि तिच्या व्यवहारांची पूर्तता दिवसभरात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ फेऱ्यांत होते. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून, तर एनएसीएच (पगार, हप्ते अशा गठ्ठ्याने होणाऱ्या देवघेवींची यंत्रणा) १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालू असते. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून शेअरव्यवहारांची पूर्तता सौद्यानंतर दोनऐवजी एकाच कामकाजाच्या दिवसात करावी लागते. मेनफ्रेमचा वेग वाढला हे खरे, पण बॅचसाठी उरलेली खिडकीही अरुंद झाली आहे.

पायरी २ : मुदतीपासून मागे मोजत यावे

समजा, एका बँकेची ऑनलाइन सेवा रात्री २२:०० ला बंद होते आणि सकाळी ०७:०० ला उघडलीच पाहिजे. मधली साखळी अशी आहे : आधी बॅकअप ३५ मिनिटे, मग व्यवहारांच्या नोंदी १३० मिनिटे, व्याज ५० मिनिटे, खतावणीचा उतारा २५ मिनिटे, पुन्हा बॅकअप ३० मिनिटे आणि शेवटी सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारी प्रणाली) उघडायला १० मिनिटे. एकूण २८० मिनिटे, म्हणजे ४ तास ४० मिनिटे. सातमधून ती वजा केली, की पहिला बॅकअप उशिरात उशिरा ०२:२० ला सुरू झाला तरी चालेल, असे उत्तर येते. या वेळेलाच लेटेस्ट स्टार्ट म्हणतात. प्रत्यक्षात तो २२:०० ला सुरू होत असल्याने हाताशी ४ तास २० मिनिटांची मोकळीक, म्हणजे स्लॅक राहतो.

आता तीच साखळी महिनाअखेरीला पाहावी. नोंदींना २१० मिनिटे आणि व्याजाला १७० मिनिटे लागू लागली, तर एकूण वेळ ४८० मिनिटे, म्हणजे बरोबर आठ तास होतो. सारे सुरळीत चालले तर साखळी ०६:०० ला संपते आणि स्लॅक उरतो फक्त एक तास. त्या रात्री नोंदींचा जॉब ०२:०५ ला संपणे अपेक्षित असते, आणि व्याजाच्या जॉबचा लेटेस्ट स्टार्ट ०३:०५ असतो, कारण त्याच्यासह पुढे २३५ मिनिटांचे काम शिल्लक असते. रात्रभर नजर ठेवायची ती या ०३:०५ वर. सात वाजण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला आपण हरलो आहोत हे चार तास उशिरा कळते, आणि त्या चार तासांत करता येण्याजोगे सगळे उपाय हातचे निघून गेलेले असतात.

आपल्या ग्राहकाच्या दोन-तीन मुख्य साखळ्यांसाठी हा हिशेब एकदा कागदावर, स्वतःच्या हाताने करून पाहावा. शेड्युलर तो करून देतो. पण स्वतः केलेला हिशेब डोक्यात राहतो, आणि पडद्यावरचा आकडा चुकीचा असेल तर तो खटकतो.

पायरी ३ : आपल्या शेड्युलरमध्ये ही वेळ कोठे आहे, ते ओळखावे

आयबीएम झेड वर्कलोड शेड्युलर, ज्याला जुनी मंडळी अजूनही ओपीसी म्हणतात, त्यात दैनंदिन आराखडा तयार होताना प्रत्येक ऑपरेशनचा (जॉबसाठी या शेड्युलरचा शब्द) लेटेस्ट स्टार्ट पुढच्या सर्व ऑपरेशन्सचा कालावधी धरून मागे मोजला जातो, आणि एकाच वेळी अनेक जॉब तयार असतील तर ज्याचा लेटेस्ट स्टार्ट जवळ आहे तो आधी सुटतो. या शेड्युलरमध्ये नवख्यांची हमखास फसगत होते ती इनपुट अरायव्हल या वेळेपाशी. नाव वाचून ती जॉब सुरू होण्याची वेळ वाटते. पण ती मुख्यतः त्या दिवसाच्या त्या फेरीची ओळख असते. ऑपरेशनवर टाइम डिपेंडंट अशी स्वतंत्र नोंद केलेली नसेल, तर आधीचे जॉब संपताच हा जॉब ती वेळ येण्यापूर्वीही सुटतो.

ब्रॉडकॉमच्या सीए ७ मध्ये ड्यू-आउट वेळ (जॉब संपण्याची मुदत) आणि लीड टाइम (त्याला लागणारा वेळ) अशा दोन नोंदी असतात. पहिलीतून दुसरी वजा केली, की जॉब सुरू होण्याची मुदत मिळते. मात्र ही वजाबाकी त्या एका जॉबपुरती असते. साखळीतील पुढच्या जॉबचा भार धरून ड्यू-आउट वेळ भरलेली नसेल, तर प्रत्येक जॉब आपापल्या जागी वेळेत दिसतो आणि साखळी मात्र उशिरा संपते. बीएमसीच्या कंट्रोल-एममध्ये ड्यू-आउटबरोबरच अनटिल नावाची वेळ असते, आणि तिला मुदत समजणे धोक्याचे आहे : अनटिलची वेळ उलटली, की जॉब सबमिटच होत नाही. उशिरा का होईना, पण चाललाच पाहिजे अशा जॉबवर अनटिल लावलेला आढळला, तर ते ताबडतोब विचारावे.

पायरी ४ : अंदाजित कालावधीवर आंधळा विश्वास ठेवू नये

लेटेस्ट स्टार्टचा सारा हिशेब प्रत्येक जॉबच्या अंदाजित कालावधीवर उभा असतो, आणि हा कालावधी शेड्युलर बहुधा मागील फेऱ्यांवरून स्वतःच सुधारत असतो. महिन्यातील बहुतेक रात्री साध्या असल्याने सरासरीही साध्या रात्रीची बनते. आयबीएमच्या शेड्युलरमध्ये तर फीडबॅकची मर्यादा ठरवलेली असते, आणि तिच्याबाहेरचे मोजमाप सरासरीत घेतलेच जात नाही. म्हणजे महिनाअखेरीचे १७० मिनिटे शेड्युलरने पाहिले, तरी तो ते लक्षात ठेवत नाही.

याचा परिणाम वरच्याच उदाहरणात मोजून पाहावा. महिनाअखेरीच्या रात्री शेड्युलरने व्याजाच्या जॉबसाठी ५० मिनिटेच धरली, तर तो लेटेस्ट स्टार्ट ०५:०५ दाखवील. खरा आकडा ०३:०५ आहे. म्हणजे मुदत हातातून गेल्यानंतरही पूर्ण दोन तास पडद्यावर उशिराची कोणतीही खूण उमटणार नाही. यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे : महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि वर्षअखेर यांसाठी त्या जॉबची वेगळी व्याख्या करून तिला तिचा स्वतःचा कालावधी द्यावा. नव्या ऑपरेटरला हा बदल करण्याचा अधिकार नसतो. पण मागच्या बारा महिनाअखेरींचे प्रत्यक्ष कालावधी काढून शेड्युलिंग टीमपुढे ठेवण्याचे काम तो नक्कीच करू शकतो, आणि त्या तक्त्याला कोणी नाही म्हणत नाही.

पायरी ५ : कॅलेंडर आणि घड्याळ

महिन्याचा शेवटचा दिवस आणि महिन्याचा शेवटचा कामकाजाचा दिवस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि जॉब सुट्टीच्या दिवशी आला तर तो आदल्या कामकाजाच्या दिवशी चालवायचा, नंतरच्या दिवशी चालवायचा, सुट्टीतच चालवायचा की चालवायचाच नाही, हे प्रत्येक रन सायकलच्या (जॉब कोणत्या दिवशी चालायचा ते ठरवणाऱ्या नोंदीच्या) फ्री-डे नियमात सांगावे लागते. भारतीय बँकेची बॅच असेल, तर १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते, हे कॅलेंडरमध्ये दरवर्षी नव्याने भरले गेले आहे का, ते पाहावे लागते. राज्याराज्यांच्या सुट्ट्या वेगळ्या असल्याने १ मेसारखा दिवस महाराष्ट्रात सुट्टीचा आणि अन्यत्र कदाचित कामाचा असतो. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत त्यांच्या सुट्ट्या महत्त्वाच्या. आपल्याकडे दिवाळी असली, तरी त्यांची बॅच नेहमीसारखीच येते, आणि शिफ्टचे नियोजन ते धरून करावे लागते. नव्या वर्षाचे कॅलेंडर डिसेंबरमध्ये भरले जाते. तेव्हा ते एकदा डोळ्यांखालून घालण्याची परवानगी मागावी.

घड्याळाच्या बाबतीत नियम सोपा आहे : हँडओव्हर (शिफ्ट सोपवणे), ईमेल आणि फोनवर नेहमी मेनफ्रेमचीच वेळ बोलावी, आणि ती कोणत्या शहराची आहे हे सांगावे. न्यूयॉर्कमधील रात्रीचे २२:०० म्हणजे पुण्यात उन्हाळी वेळेत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ०७:३० आणि हिवाळी वेळेत ०८:३०. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे तीन होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनचे पुन्हा एक होतात. ब्रिटनमध्ये हे बदल मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी होतात. पुढे सरकणाऱ्या रात्री बॅचला एक तास कमी मिळतो, आणि मागे येणाऱ्या रात्री एक आणि दोनच्या मधला तास दोनदा येतो, त्यामुळे त्या तासात वेळेवर सुटणारे जॉब दोनदा सुटणार नाहीत ना, हे आधी तपासावे लागते. ३१ मार्च २०२४ ला ब्रिटनमध्ये घड्याळ पुढे गेले, तो महिन्याचा आणि तिमाहीचाही शेवटचा दिवस होता. ज्या साखळीचा स्लॅक महिनाअखेरीला एकच तास आहे, तिचा तो तास अशा रात्री घड्याळच घेऊन जाते. असे योग वर्षाच्या सुरुवातीलाच शोधून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने मांडावेत.

पायरी ६ : जॉब थांबला, तर कशासाठी थांबला

उशीर होणारे सगळेच जॉब बिघडलेले नसतात. पुष्कळ जण नुसते वाट पाहत असतात. आधीचा जॉब संपलेला नसतो, बाहेरून यायची फाइल आलेली नसते, शेड्युलरमधील एखादे रिसोर्स दुसऱ्या जॉबने धरलेले असते, कोणीतरी दुपारी होल्ड (जॉब सुटू न देणारा थांबा) लावून तो काढायचे विसरलेले असते, किंवा जॉब सुटलेला असूनही त्याला हवा असलेला डेटासेट (मेनफ्रेमवरील फाइल) दुसऱ्याकडे अडकलेला असतो. ही कारणे याच क्रमाने तपासावीत. शेवटच्या कारणासाठी कन्सोलवर ‘डी जीआरएस,सी’ हा आदेश दिला, की कोणता डेटासेट कोणी धरला आहे आणि त्यासाठी कोण ताटकळले आहे, हे दोन्ही दिसते. बाहेरची फाइल आली नसेल, तर तिची ठरलेली वेळ आणि पाठवणाऱ्या संस्थेचा संपर्क रनबुकमध्ये (कामाच्या सूचनांच्या पुस्तिकेत) असायला हवा. तो नसेल, तर ती उणीव दुसऱ्याच दिवशी भरून घ्यावी, कारण रात्री दोन वाजता तो क्रमांक शोधण्यात सहज अर्धा तास जातो.

पायरी ७ : अबेंड झाल्यावर (जॉब मध्येच पडल्यावर)

पुन्हा त्याच महिनाअखेरीच्या रात्रीकडे येऊ. नोंदींचा जॉब ०१:३० ला एसबी३७ देऊन पडला, म्हणजे त्याच्या आउटपुट डेटासेटला जागा पुरली नाही. जागा न वाढवता तो पुन्हा सोडला, तर तो पुन्हा तेथेच पडेल. एस०सी७ असता, तर एखाद्या अंकाच्या जागी अंक नसलेला मजकूर आलेला असता आणि प्रोग्रामची माहिती असलेल्या माणसाला उठवावे लागले असते. एस३२२ असता, तर सीपीयूसाठी ठरवलेली वेळ संपलेली असती. कोडवरून उपाय आणि उपायावरून वेळ कळते, म्हणून कोड आधी वाचावा.

समजा, जागा वाढवायला अर्धा तास लागला आणि जॉब ०२:०० ला पुन्हा सोडायला तयार झाला. त्यातील पडलेली स्टेप (जॉबमधील टप्पा) ०१:१० ला सुरू झाली होती. त्या स्टेपपासून रिस्टार्ट करता आला, तर ५५ मिनिटांचे काम उरते, जॉब ०२:५५ ला संपतो आणि ०३:०५ ची रेषा दहा मिनिटांनी सांभाळली जाते. जॉब पहिल्यापासून रिरन करावा लागला, तर तो ०५:३० ला संपतो आणि ऑनलाइन सेवा ०९:२५ ला उघडते. एकाच अबेंडची ही दोन टोके आहेत, आणि यांपैकी कोणते आपल्या वाट्याला येणार, हे त्या जॉबच्या रिस्टार्टच्या सूचना आधी लिहिलेल्या आहेत की नाहीत, यावर ठरते. घाईत मनाने स्टेप निवडून रिस्टार्ट कधीही करू नये. आधीच्या स्टेपने जनरेशन डेटासेटची नवी आवृत्ती तयार केलेली असते, आणि चुकीच्या जागेहून सुरुवात केली तर त्याच नोंदी खात्यांत दोनदा पडू शकतात. जॉबला शेड्युलरमध्ये फोर्स कम्प्लीट करून (तो न संपताच संपल्याची नोंद करून) साखळी पुढे ढकलणे तर त्याहून घातक, कारण मग व्याजाचा जॉब अर्धवट नोंदींवर चालतो आणि मुदत पाळली गेल्याचे दिसते. उशिरा उघडलेली बँक त्याच दिवशी सावरते. चुकीच्या शिलकी निस्तरायला आठवडे लागतात.

फोन ०१:३५ ला करावा. उपाय पूर्ण झाल्यानंतर किंवा तो फसल्यानंतर करू नये. आणि फोनवर चार गोष्टी सांगाव्यात : कोणता जॉब कोणत्या कोडने पडला, पुढच्या जॉबचा खरा लेटेस्ट स्टार्ट किती, रिस्टार्ट आणि रिरन या दोन्ही वाटांनी साखळी किती वाजता संपेल, आणि निर्णय कोणत्या वेळेपर्यंत हवा. एवढे हाताशी असले, की पुढचा माणूस लगेच निर्णय घेऊ शकतो : कमी महत्त्वाचे अहवाल होल्डवर ठेवायचे, चालू जॉबला ‘रीसेट’ आदेशाने वरच्या सर्व्हिस क्लासमध्ये (जास्त प्राधान्याच्या गटात) टाकायचे, चाचणीच्या एलपारवरील (मेनफ्रेमच्या वेगळ्या विभागावरील) भार कमी करायचा, की शाखांना उशिराची सूचना आधीच द्यायची. हे निर्णय नव्या ऑपरेटरचे नाहीत, पण ते घेण्यासाठी लागणारा वेळ त्यानेच मिळवून द्यायचा असतो.

पायरी ८ : शेड्युलर हाही एक प्रोग्रामच आहे

ब्रिटनमधील आरबीएस समूहाने १७ जून २०१२ च्या रविवारी आपल्या बॅच शेड्युलरची नवी आवृत्ती मेनफ्रेमवर चढवली. अडचणी दिसल्यावर ती काढून जुनी आवृत्ती परत आणण्याचे ठरले. पण त्या परतीच्या वाटेची आधी चाचणी झालेली नव्हती आणि त्यातूनच शेड्युलर विस्कळीत झाला. खात्यांच्या रात्रीच्या नोंदी अडल्या, एका दिवसाचे काम दुसऱ्या दिवसावर साचत गेले, आणि आरबीएस, नॅटवेस्ट व अल्स्टर बँक यांच्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना शिल्लक पाहणे, पैसे भरणे, काढणे यांत अडथळे आले. अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचा त्रास जुलैपर्यंत चालला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या दोन नियामकांनी मिळून समूहाला ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला.

या घटनेचा ऑपरेटरशी थेट संबंध आहे, कारण कोणता जॉब संपला आणि कोणता बाकी आहे, ही माहिती शेड्युलरच्या रांगेतच असते, आणि रांग गेली की बॅच कोठून सुरू करायची हेच कळेनासे होते. म्हणून शेड्युलरवर कोणताही बदल होणार असलेल्या रात्री चालू आराखड्याचा उतारा आणि मुख्य साखळ्यांचा क्रम शेड्युलरच्या बाहेर कोठे ठेवला आहे, तो कोण वाचू शकतो आणि परतीची वाट चाचणीच्या एलपारवर चालून पाहिली आहे का, हे तीन प्रश्न शिफ्ट सुरू होतानाच विचारावेत. नवखा माणूस हे विचारतो म्हणून कोणाला वाईट वाटत असेल, तर वाटू द्यावे.

पायरी ९ : हँडओव्हर

शिफ्ट सोपवताना किती जॉब झाले आणि किती राहिले, ही संख्या फारशी उपयोगाची नसते. प्रत्येक मुख्य साखळीसाठी सध्या चालू असलेला जॉब, त्याच्या पुढच्या जॉबचा लेटेस्ट स्टार्ट आणि आत्ता उरलेला स्लॅक, एवढे तीन रकाने लिहावेत. त्याखाली हाताने लावलेले सर्व होल्ड, ते कोणाच्या सांगण्यावरून लावले आणि कधी काढायचे. आणि त्याखाली कोणाला किती वाजता फोन केला व त्याने काय सांगितले. स्लॅक तासाच्या आत आलेली साखळी नुसती लिहून न ठेवता येणाऱ्या सहकाऱ्याला पडद्यावर दाखवावी, आणि त्याने ती वेळ स्वतःच्या वहीत उतरवून घेतल्यावरच लॉग ऑफ करावे.